ढिगाऱ्यातली पेटी वाजते म्हणे!

तेरणाकाठ
परवा इथं एकानं किल्लारी भूकंपावरच्या एका नव्या कादंबरीला 'स्मृती आणि सुरांचा गोफ' म्हणून डोक्यावर घेतलं. खाली बदामांचा पाऊस. मी विकत घेऊन वाचली, म्हणून बोलतो. नायक पुण्यात, तीस वर्षं गावाकडं फिरकलेला नाही. लिफ्टमध्ये अभंग कानावर पडतो आणि अख्खं बालपण भडाभडा आठवतं. मग गावी जातो, पडक्या वाड्यात बापाची हार्मोनियम सापडते, वाजवतो, बापाला माफ करतो. झालं!

अहो, 52 गावं उठून दुसरीकडं वसली. जुन्या गावठाणात बाभळी माजल्यात. आणि पेटीचा भाता पुठ्ठ्याचा असतो, तीस पावसाळे काढायला तो काय दगडाचाय?

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3:56. मी नऊ वर्षांचा. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. मला काय आठवतं? तोंडात गेलेली माळवदाची माती. बाकी कोरं. गाणं नाही, हाक नाही. असं कोरेपण त्या 300 पानांत एका ओळीत तरी आहे का?

कोरडवाहू
कादंबरी आहे, पंचनामा नाही. माझ्या आईला स्मृतिभ्रंश आहे. मला विचारते, 'तुम्ही कुणाचे?' पण बहिणीनं जात्यावरची ओवी धरली की पुढची ओळ आई म्हणते. एक शब्द चुकत नाही. तुम्हाला आठवत नाही म्हणून कुणालाच आठवू नये का?

तेरणाकाठ
ओवी पुढं म्हणणं वेगळं, बापाला माफ करणं वेगळं. ओवी म्हटल्यावर आईनं तुम्हाला ओळखलं का?

कोरडवाहू
नाही ओळखलं. समाधान झालं?

रिटायर मास्तर
मुद्दा भाषेचा आहे. 'काय करतोयस बाळा' म्हणणारा औशाकडचा बाप मी 34 वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही. 'काय करायलास बे' म्हणतो तो. आणि हार्मोनियम काय? पेटी म्हणा की! आमच्या भजनी मंडळात पेटीची एक पट्टी बसली की उठत नसे, आगपेटीची काडी खोचून ठेवायचे. अठरापगड लोक एका सतरंजीवर. ते दिवसच गेले.

हलगी
मास्तर, सतरंजीवर कोण कोण होतं, नीट आठवा. माझा आजा देवळाच्या पायरीखाली उभा असायचा. मिरवणुकीत सगळ्यात पुढं त्याची हलगी आणि प्रसाद घ्यायला सगळ्यात मागं तो. कादंबरीत विसर्जनाला ढोल-ताशा लिहिलाय. आमच्या खेड्यात 93 साली कुठला ढोल-ताशा? हलगी लिहिली की वाजवणाराही लिहावा लागतो, म्हणून गाळली.

रिटायर मास्तर
इथंही जात आणलीच का? आमच्या गावात तसलं काही नव्हतं.

हलगी
तुम्हाला दिसलं नसेल. सतरंजीवरून पायरी दिसत नाही.

कोरडवाहू
दोघंही थांबा, विषय कादंबरीचा आहे.

हलगी
कादंबरीचंच सांगतोय. त्या रात्री आज्यानं बारापर्यंत वाजवली. पहाटे माझी आत्या गेली. हलगी तेवढी धड निघाली. पुढं खुंटीलाच असायची. कुणी वाजव म्हटलं की म्हणायचा, 'तापवायला जाळ कुठाय?' चूल समोर पेटलेली असायची. आठवत होतं म्हणूनच वाजवत नव्हता. लिफ्टमध्ये ऐकून मोकळं होणारे वेगळे.

रिटायर मास्तर
आत्याचं वाचून वाईट वाटलं. पायरीचं... असेल. मी लहान होतो.

तेरणाकाठ
हलगी, तुमचं वाचून आत्ता आईला फोन केला. त्या रात्री आपल्या गल्लीत हलगी होती का म्हणून. म्हणाली, 'होती की. तू तिच्यामागं नाचत होतास.'

मला अजूनही काही आठवत नाही.

रिटायर मास्तर
'नाचायलतास' म्हणाल्या असतील.