अर्ध्या सेकंदात बॅट्समनला नक्की दिसतं काय?

मधलीयष्टी: पोरगा 14 चा, नेट्सला जातो. परवा घरी पट्टी पकडायचा खेळ चालला होता, मी वरून सोडायची, त्यानं चिमटीत पकडायची. तो 20 सेंमीवर पकडतो म्हणजे साधारण 0.2 सेकंद. मी पन्नाशीचा, चष्मेवाला, तरी 23 वर! आता 140 च्या स्पीडचा बॉल सुटल्यापासून बॅटपर्यंत यायला जेमतेम अर्धा सेकंद, त्यातले 0.2 नुसते बघून हात हलायला गेले, वर बॅट फिरवायची, मग विचार करायला उरलं काय? ह्या मोठ्या प्लेयर लोकांचे डोळे वेगळे असतात का?

लेगबाय: नाही हो. 1987 मध्ये इंग्लंडात मॅक्लाउड म्हणून एकाने मॅटखाली लाकडी पट्ट्या घातल्या, म्हणजे टप्पा पडल्यावर बॉल कुठे जाईल ह्याचा नेमच नाही, आणि समोर इंटरनॅशनल खेळलेले बॅट्समन. त्यांनाही बॅट वळवायला तेच 0.2 सेकंद लागले. फरक आधीच्या भागात आहे. 2000 साली मॅक्लाउड आणि लँड ह्यांनी बॅट्समनच्या डोक्यावर कॅमेरा लावून नजर कुठे जाते ते पाहिलं. बॉल सुटताना त्याच्यावर, मग नजर थेट उडी मारून टप्पा जिथे पडणार तिथे आधीच जाऊन बसते. चांगल्या बॅट्समनची उडी लवकर. कोच ओरडतो ना, बॉलवरनं नजर हलवू नको, ते कोणीच करत नाही 😀 डोळ्यातनं चित्र मेंदूच्या मागच्या भागात पोचेपर्यंतच बॉल दोनेक मीटर पुढे गेलेला असतो, म्हणून मेंदू बॉल आत्ता कुठे असेल ह्याचा अंदाज बांधून हात हलवतो, लहान मेंदूचं त्यात मोठं काम.

डावखुरा_ओपनर: +1. माझा अनुभव सांगतो, बॉलिंग मशीनवर 120 आरामात खेळायचो आणि मॅचमध्ये एका 105 वाल्याने दांडी उडवली. मशीनला हात नाही ना! बॉलरचं मनगट, खांदा, रनअपचा शेवटचा स्टेप, ह्यावरनं बॉल सुटायच्या आधीच निम्मं कळलेलं असतं. व्हिडिओ बॉल सुटताना कापून दाखवला तरी चांगले बॅट्समन नवख्यांपेक्षा जास्त बरोबर सांगतात. अवांतर: साइडआर्मने (बॉल फेकायची लांब दांडी) केलेले थ्रोडाऊन म्हणूनच बरे वाटतात, निदान समोर माणूस तरी असतो.

कव्हरचा_फील्डर: बेसबॉलचा पुजोल्स 2004 मध्ये सॉफ्टबॉलवाल्या जेनी फिंचसमोर स्ट्राइकआउट झाला होता, म्हणजे बॉल मारता न येताच बाद. एवढा मोठा हिटर, पण अंडरआर्म हात त्याच्या ओळखीचाच नाही. डोळे तर तेच होते.

मधलीयष्टी: धन्यवाद मंडळी, पट्टी कंपासमध्ये ठेवली. काल टीव्हीवर मनगट बघायला बसलो तर कॅमेरा बॉलरच्या पाठीमागे, कप्पाळ दिसणार. मग नेट्सला जाऊन बॅट्समनच्या मागनं, जाळीबाहेरून मोबाइलवर शूट केलं आणि घरी बॉल सुटायच्या क्षणी पॉज करून विचारलं, आखूड की पुढे? पोराचे 10 पैकी 7 बरोबर. माझे 4, ते पण ठोकून दिलेले.