पावित्र्याचा हिशेब फक्त मुलींकडूनच का?

नीरक्षीर
रात्री भेट, सकाळी नंबर डिलीट. या हुकअप प्रकाराला ख्रिस्ती घरांत एकच नाव आहे: पाप. माझंही मत तेच, हे आधीच सांगते. सूट मागायला हा धागा काढलेला नाही. पण मुलगा असा वागून परत आला की 'वाट चुकलो होतो, प्रभूने आणलं' म्हणून भर उपासनेत माईकवर त्याची साक्ष होते. मुलीला साक्ष द्यायला कुणी बोलावत नाही. तिचं ठरलेलं लग्न मोडतं.

बायबलमधल्या योहान 8 (योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय) मध्ये बाईला व्यभिचार करतानाच धरलं, म्हणजे पुरुषही तिथेच असणार. लेवीय 20:10 मध्ये शिक्षा दोघांनाही आहे. मग येशूपुढे एकटीलाच का आणलं? आपल्या मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) अजून तेच चाललंय.

गव्हाचा_दाणा
ताई, त्याच उताऱ्याच्या शेवटी 'यापुढे पाप करू नको' हेही आहे. ते सोयीस्करपणे गाळलं जातं. 'मुलगे करतात, मग आम्ही का नाही' ही हल्लीची पळवाट. आणि गर्भ बाईच्या पोटात राहतो, म्हणून आईबाप मुलीला जास्त जपतात. यात दुटप्पीपणा कसला?

नीरक्षीर
'मग आम्ही का नाही' असं मी कुठे लिहिलंय, दाखवा. धोका तिला जास्त असेल, तर धाक त्याला जास्त हवा ना?

तरुण संघाच्या शिबिरात आम्हा मुलींना वेगळ्या खोलीत बसवलं होतं. चिकटपट्टीचा एक तुकडा हिच्या मनगटावरून तिच्या मनगटावर फिरवत नेला. शेवटी त्याला लव आणि मळ लागून तो चिकटेना. 'बघा, मुलगी अशी होते.' मुलांच्या खोलीत काय सांगितलं, ते नंतर विचारलं: नजर सांभाळा, उद्या कुटुंबप्रमुख व्हायचंय. क्षमेवर उभा असलेला विश्वास आपला, आणि शिकवण ही!

कोरा_कागद
मी नास्तिक, म्हणून बाहेरून बोलतो. नियमच मालकीतून आलाय. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा 22 वा अध्याय काढा: नववधूच्या कौमार्याची खूण मिळाली नाही तर तिला बापाच्या दाराशी दगडमार. नवऱ्याकडे कुणी खूण मागितली? शिवाय योहान 8 ची ती गोष्ट सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाहीच. दोन सज्ञान माणसं कुणाला न फसवता राजीखुशीने भेटली, तर तिसऱ्याच्या पोटात का दुखावं?

जुना_वाचक
हस्तलिखितांबद्दल बरोबर. अनुवाद 22 लाही मी मुलामा देणार नाही. पण गोष्ट तिथे थांबत नाही. रोमन सम्राट ऑगस्टसच्या इ.स.पू. 18 च्या कायद्यात व्यभिचार ठरायचा तो बाई विवाहित आहे का यावरून. नवरा दासीकडे किंवा वेश्येकडे गेला तर तो गुन्हाच नव्हता. अशा जगात प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहितो की पत्नीच्या शरीरावर पतीचा अधिकार आहे, तसाच पतीच्या शरीरावर पत्नीचा (1 करिंथ 7:4). पहिल्या वाक्याला सगळ्यांनी माना डोलावल्या असतील. दुसऱ्याला किती जणांनी, देव जाणे. पुढे इ.स. 400 च्या सुमारास जेरोम या ख्रिस्ती धर्मपंडिताने एका पत्रात स्पष्टच म्हटलं: कैसराचे (रोमन सम्राटाचे) कायदे वेगळे, ख्रिस्ताचे वेगळे, आमच्यात जे स्त्रीला निषिद्ध ते पुरुषालाही.

कोरा_कागद
छान. आणि इंग्लंडच्या 1857 च्या घटस्फोट कायद्याचं काय? नवऱ्याला बायकोचा व्यभिचार पुरेसा. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्याग असं आणखी काहीतरी सिद्ध करावं लागे. हे समान व्हायला 1923 उजाडलं. जेरोमनंतर दीड हजार वर्षं!

जुना_वाचक
लाजिरवाणंच आहे. पण त्याच देशात 1864 पासून वेश्या असल्याच्या संशयावरून बायकांची सक्तीने तपासणी व्हायची, गिऱ्हाईक सैनिकांची नाही. त्या कायद्यांविरुद्ध उभी राहिली जोसेफिन बटलर, एका धर्मगुरूची बायको, ती बायबल हातात घेऊनच. 1886 मध्ये कायदे रद्द झाले.

गव्हाचा_दाणा
@कोरा_कागद, तुमच्या राजीखुशीच्या दुनियेत तरी समता आहे का? दहा जणींबरोबर गेला तो 'खिलाडी', दहा जणांबरोबर गेली तिला शिवी. ती शिवी देणारे सगळे चर्चला जातात असं थोडंच आहे? नियम काढून टाकला तरी शिवी शिल्लक राहिलीच.
(चिकटपट्टी मात्र हद्द झाली. त्याचं समर्थन मी करणार नाही.)

कोरा_कागद
शिवी शिल्लक राहिली हे मान्य. ती आली कुठून, यावर आपलं जमणार नाही.

नीरक्षीर
@गव्हाचा_दाणा, मग पुढच्या शिबिरात मुलांच्या खोलीत तुम्हीच बोला. उत्पत्ती 38 घ्या. यहूदा वेश्या समजून स्वतःच्या सुनेकडे जातो, आणि ती गरोदर आहे कळल्यावर 'जाळा तिला' म्हणतो. स्वतःचीच मुद्रा आणि काठी पुढे आल्यावर कबूल करतो की ती माझ्याहून नीतिमान. मुलांच्या वर्गात हा अध्याय घेतलेला मी तरी ऐकला नाही.

गव्हाचा_दाणा
तरुण मुलांपुढे उत्पत्ती 38? पाळकसाहेबांना आधी विचारावं लागेल.

नीरक्षीर
विचारा. आणि चिकटपट्टीला परवानगी कुणी दिली होती, तेही विचारा.