वादळात छत्री दबली, स्ट्रेंथ ८०, क्वालिटी शून्य: दुरुस्त करावी की बदलावी?

झावळी
डीडी फ्री डिशची ६० सेमीची छत्री आहे. ठिकाण गुहागर, समुद्रापासून अर्धा किलोमीटर. गच्चीच्या चिऱ्याच्या कठड्यावर चार अँकर मारून दीड इंची पाइप बसवलाय, त्यावर छत्री. वाऱ्यात नारळाची झावळी येऊन आदळली. सध्याची स्थिती:

उजवीकडची कड आत दबली आहे, मधोमध मात्र चुरगळलेलं नाही. खालचे दोन अँकर हलतात. एलएनबीच्या (छत्रीसमोर सिग्नल गोळा करणारा डबा) दांड्यावर गंज आहे, पण दांडा वाकलेला नाही. बॉक्सवर स्ट्रेंथ ७८ ते ८२, क्वालिटी ०. केबल आरजी-६, साधारण २० मीटर, सहा वर्षं जुनी.

दुकानातून सल्ला मिळाला की एलएनबी बदला. खरंच तीच गेली असेल का? आणि दबलेली छत्री सरळ होते का?

ओळंबा
एलएनबी अजिबात विकत घेऊ नका. तुमचा आकडाच सांगतोय की ती जिवंत आहे. स्ट्रेंथ म्हणजे केबलमधून बॉक्सपर्यंत किती ताकद पोचते ती, आणि त्यात एलएनबीचा स्वतःचा गोंगाटही धरलेला असतो. छत्री नुसती आभाळाकडे असली तरी स्ट्रेंथ दिसते. क्वालिटी मात्र उपग्रह सापडल्याशिवाय येत नाही. स्ट्रेंथ आहे आणि क्वालिटी शून्य, तर पहिला संशय दिशेवर. दोन्ही शून्य असती तर केबल, कनेक्टर, एलएनबी या क्रमाने बघितलं असतं.

काम पाइपापासून सुरू करा. ओळंबा दोन बाजूंनी लावा, एकदा समोरून आणि एकदा काटकोनातून. मीटरभर उंचीत १७ मिमी फरक म्हणजे १ अंश कलला. पाइप उभा नसेल तर मागच्या ब्रॅकेटवरच्या अंशांच्या खुणांना काही अर्थ उरत नाही, कारण छत्री बाजूला फिरवली की उंचीचा कोनही सोबत बदलतो.

फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. गुहागरहून तो उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने १२९ अंशांवर, म्हणजे आग्नेयेच्या जवळपास, आणि क्षितिजापासून ५९ अंश उंच. (नागपूरला हेच आकडे साधारण १४४ आणि ६० होतात, त्यामुळे दुसऱ्या गावच्या माणसाचे आकडे उचलू नका.) मोबाइलचं होकायंत्र पाइपाजवळ धरू नका, लोखंडामुळे चुकतं. दोन मीटर मागे उभे राहून दूरची एखादी खूण धरा. शेजारची छत्री बघून लावायची असेल तर ती फ्री डिशचीच आहे याची खात्री करा. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंश रेखांशावर, एअरटेलचा १०८.२ अंशांवर, त्यांची तोंडं वेगळीकडे असतात.

आणि छत्रीचं तोंड ५९ अंश वर दिसणार नाही. या ऑफसेट छत्र्या आहेत, त्या नजरेच्या अंदाजापेक्षा वीस-पंचवीस अंश वरचं बघतात. ‘फारच सरळ उभी वाटते’ म्हणून मागे झुकवायची चूक इथेच होते.

चिरेबंदी
त्याआधी अँकरचं बघा, नाहीतर महिन्याभरात परत तेच. चिऱ्यात पसरणारे अँकर टिकत नाहीत. काँक्रीटमध्ये अँकरची बाही फुगून घट्ट बसते, चिरा मऊ आणि सच्छिद्र, तो आतल्या आत भुगा होतो. वारा छत्रीला मागेपुढे हलवतो, भोक मोठं होत जातं. तिथेच जाड अँकर ठोकून उपयोग नाही.

कठड्याच्या आरपार भोक पाडा, १० मिमीचे स्टेनलेस बोल्ट टाका आणि पलीकडून ५ ते ६ मिमी जाडीची पट्टी लावून कसा. चिऱ्यांच्या सांध्यात भोक नको, चिऱ्याच्या मधोमध घ्या. जुनी भोकं सिमेंटने बुजवा. स्लॅबला मात्र भोक पाडू नका, पावसाळ्यात गळती लागते.

कळकलेलं तांबं
वरच्या दोघांशी सहमत, पण स्ट्रेंथ ८० आहे म्हणून केबल ठीक असं धरू नका. खाऱ्या हवेत सहा वर्षं म्हणजे कनेक्टर उघडून बघायलाच हवा. बॉक्सची पिन काढून ठेवा, मग एलएनबीकडचा कनेक्टर सोडवा. तांब्यावर हिरवा थर किंवा जाळी काळी पडलेली दिसली तर केबल काळी दिसते तिथपर्यंत कापा. जाळीतून पाणी वातीसारखं आत चढतं, कधी कधी फूटभर.

नवा एफ कनेक्टर दाबून बसवायचा घ्या, फिरवून बसवायचा नको. मधली तार कनेक्टरच्या कडेपासून ३ मिमीच्या आसपास बाहेर राहू द्या. जाळीचा एकही केस मधल्या तारेला लागता कामा नये, बॉक्स त्याच तारेने १३ व्होल्ट पाठवतो. मग बॉक्स चालू करून टोकाला मीटर लावा. १३ च्या आसपास आले पाहिजेत. एलएनबी जोडल्यावर हे व्होल्ट जागच्या जागी पडत असतील तर कुठेतरी सांधा कळकलेला आहे.

वरून साधी चिकटपट्टी नको, उन्हात सुटते आणि आत पाणी धरून ठेवते. स्वतःशीच चिकटणारी रबरी टेप खालून वर ताणून गुंडाळा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन लावू नका, ते तांबं खातं. कनेक्टरखाली केबलला एक वळसा द्या, म्हणजे पाणी वळशावरून खाली ठिबकेल, घरात शिरणार नाही.

झावळी
पाइप मीटरमागे २६ मिमी कललेला निघाला. कनेक्टर हिरवा होता, अर्धा फूट केबल कापली. दबलेली कड किती दबली हे मोजायचं कसं?

ओळंबा
दोन दोऱ्या घ्या. कडेवरून एक उभी, एक आडवी, ताणून बांधा. मधोमध एकमेकींना नुसत्या टेकल्या पाहिजेत. आता खालची दोरी वरून घेऊन पुन्हा बघा, कारण एका क्रमात दबाव दिसत नाही आणि दुसऱ्यात फट दिसते. फट म्हणजे कड एका पातळीत नाही.

फट ३ मिमीच्या आत येईपर्यंत हातांनी उलट दिशेला वाकवा, थोडं वाकवा, परत मोजा. हातोडी नको, ठोकलेला पत्रा ताणून पसरतो आणि फुगा येतो. ११ गिगाहर्ट्झला लहरींची लांबी २७ मिमी आहे. पूर्ण पृष्ठभागात सरासरी १ मिमी खोट असली तर साधारण १ डीबी जातो, २ मिमी असली तर जवळपास ४ डीबी, म्हणजे निम्म्याहून जास्त सिग्नल. तुमची खोट कडेवर आहे हे बरं, कारण एलएनबी मधल्या भागाकडून जास्त घेते, कडेकडून कमी. हाच दबाव मधोमध असता तर मी छत्रीच बदलायला सांगितली असती.

मग एलएनबीच्या फिरण्याची जागा मार्करने खूण करून ठेवा, ती हलवू नका. बॉक्समध्ये ११०९०, व्ही, सिम्बॉल रेट २९५०० टाका, उंची ५९ वर कसा आणि छत्री बाजूला फिरवा. दीड इंची पाइपावर १ अंश म्हणजे फक्त एक तृतीयांश मिमी सरकणं. म्हणून नट पूर्ण ढिला करू नका, जरा हलेल इतकाच. सरकवा, तीन सेकंद थांबा, क्वालिटीचा आकडा बघा. बॉक्स उशिरा दाखवतो, घाईत फिरवलं तर उपग्रह ओलांडून जाल. उच्चांक सापडला की नट आलटून पालटून कसा, एकच पूर्ण कसला तर छत्री त्या बाजूला ओढली जाते. शेवटी एलएनबी खुणेपासून थोडी थोडी दोन्हीकडे फिरवून अजून काही मिळतं का बघा.

दांड्याला पॉलिश पेपर, झिंक प्रायमर, मग रंग. छत्रीच्या आतल्या बाजूला चकचकीत रंग देऊ नका, ऊन एलएनबीवर एकवटतं आणि तिचं प्लॅस्टिकचं टोपण तडकतं.