ताकदीचं सोडा, सहीचं बघा

मुलीने विमान मेंटेनन्स इंजिनियरिंगचा कोर्स करावा का, या प्रश्नावर वर दोघांनी लिहिलंय की या कामाला ताकद लागते, मुलीला झेपणार नाही. अजिबात पटलं नाही. बोल्ट किती आवळायचा हे मॅन्युअलमध्ये ठरलेलं असतं, टॉर्क रेंच (जोर मोजणारा पाना) तेवढ्यावर थांबायची खूण देतो. जोर लावून जास्त आवळला तर तीच चूक. जड भागांना जॅक आणि होइस्ट असतात, पुरुष गडी तरी इंजिन कुठे खांद्यावर उचलतात!

माझी भाची बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलेली, तिने हाच कोर्स केला. तिचा खरा घाम निघाला तो परीक्षांमध्ये. कोर्स संपला की इंजिनियर, असं घरी सगळ्यांनी धरलेलं (ताईने पेढेसुद्धा वाटले). पण लायसन्स डीजीसीए (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं) देतं, कॉलेज नाही. परीक्षेच्या प्रत्येक मॉड्यूलला, म्हणजे विषयाला, किमान 75 टक्के, शिवाय प्रत्यक्ष विमानांवरच्या कामाची लॉगबुकात नोंद. तोवर काम तिने केलं तरी विमान उड्डाणाला सोडायची सही दुसऱ्याची, लायसन्सवाल्याची. म्हणून प्रवेश घेताना संस्थेची इमारत बघू नका. सीएआर-147 ची (डीजीसीएच्या प्रशिक्षण संस्थांसाठीच्या नियमाची) मान्यता आहे का, आणि प्रॅक्टिकलला चालती विमानं कुठे मिळणार, हे विचारा. लायसन्स बी1 प्रकारचं की बी2, म्हणजे इंजिन-सांगाडा की एव्हिऑनिक्स (विमानातलं इलेक्ट्रॉनिक्स), हेही आधीच ठरवलेलं बरं.

आणि बडोद्यात टाटांचा सी-295 विमानांचा कारखाना आलाय म्हणून गावातच नोकरी, हा हिशोबही जरा थांबून करा. तिथे लष्करी विमानांची जुळणी होते, एअरलाइनचा मेंटेनन्स नव्हे. त्यासाठी मुंबई-दिल्ली गाठावी लागते, आणि विमानं रात्री उभी असतात तेव्हाच बरंचसं काम चालतं.