मदत हवी आहे: वर्षात चौथ्यांदा बुरशीचा संसर्ग

मैत्रिणींनो, या वर्षात चौथ्यांदा योनीमार्गात बुरशीचा संसर्ग झालाय. फाटलेल्या दुधासारखा पांढरा, घट्ट स्राव. वास नाही, पण खाजेने रात्री झोप लागत नाही आणि लघवीला गेलं की आग होते. दोनदा तर घशासाठी अँटिबायोटिक घेतल्यावर आठवड्याभरातच सुरू झालं. त्याने योनीतले चांगले जिवाणूही मरतात, हे तेव्हा कुणी सांगितलंच नव्हतं! फ्लुकोनाझोल १५० मिग्रॅची (बुरशीवरची) गोळी घेतली की थांबतं, महिन्या-दोन महिन्यांत परत येतं. आता डॉक्टरांनी स्रावाचं कल्चर (नेमकी कोणती बुरशी आहे ते बघायला) आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर) करायला सांगितलंय, मग ६ महिने आठवड्याला एक गोळी. हा कोर्स कुणी पूर्ण केलाय का? बंद केल्यावर परत झालं का? नवऱ्याला काहीच त्रास नाही, तरी त्यालाही औषध दिलं होतं का तुमच्याकडे?