क्यू६६०० आणि कुलूपबंद बायॉसचा जी४१ बोर्ड: ३ गिगाहर्ट्झ जमेल का?

जुना_सॉकेट:
प्रोसेसर इंटेलचा कोअर २ क्वाड क्यू६६००, जी० स्टेपिंग म्हणजे आवृत्ती (एसएलएसीआर), मुळात ९ × २६६ = २.४ गिगाहर्ट्झ; तो ३ वर न्यायचाय. बोर्ड एका ब्रँडेड पीसीतला, जी४१ चिपसेटचा. बायॉसमध्ये एफएसबी (मूळ क्लॉक), मल्टिप्लायर (त्याला गुणणारा आकडा), व्होल्टेज, रॅमचं गुणोत्तर, कशालाच हात लावता येत नाही. रॅम २ × २ जीबी डीडीआर२-८००. व्हीआरएमला (प्रोसेसरला वीज पुरवणारं बोर्डावरचं सर्किट) ३ फेज, त्यातल्या मॉसफेटवर हीटसिंक नाही, १२ व्होल्टचं कनेक्टर ४ पिनचं.
सेटएफएसबीने (विंडोजमधून एफएसबी बदलणारा प्रोग्रॅम) एफएसबी २६६ वरून २९० पर्यंत नीट जातं, २९५ ला मशीन गोठतं. कोअरचं तापमान तेव्हा ५८ अंश असतं. प्रोसेसरची मर्यादा आली म्हणायची की बोर्डाची?

तांबेतार:
दोघांचीही नाही, रॅमची आहे. २६६ च्या स्ट्रॅपवर (बोर्ड चालू होताना ठरलेली एफएसबीची पातळी) डीडीआर२-८०० चं गुणोत्तर २:३ असतं. सेटएफएसबी फक्त क्लॉक जनरेटरला हलवतं, स्ट्रॅप आणि गुणोत्तर तसंच राहतं. म्हणजे एफएसबी २९५ केला की रॅम ८८५ वर पळते आणि ३३३ ला थेट १००० वर जाईल. साध्या ८०० च्या रॅमकडून, तेही व्होल्टेज न वाढवता, हे होणार नाही.

यावर उपाय बीएसईएलचा, म्हणजे एफएसबी निवडणाऱ्या पॅडचा. बोर्ड चालू होताना प्रोसेसरच्या तळाचे तीन पॅड वाचून कोणता एफएसबी द्यायचा ते ठरवतो. बीएसईएल२, १, ० हे तिन्ही लो असले की २६६. फक्त बीएसईएल२ हाय झाला की ३३३. हा पॅड म्हणजे जी३०. तो झाकला की बोर्डावरचा पुल-अप रेझिस्टर ती रेघ आपोआप हाय करतो. बोर्डाला वाटतं १३३३ चा (४ × ३३३) प्रोसेसर बसवलाय, म्हणून तो स्ट्रॅपही ३३३ चाच घेतो आणि रॅम ५:६ ने पुन्हा बरोब्बर ८०० वर येते. ९ × ३३३ = ३ गिगाहर्ट्झ.

इन्सुलेशन टेप वापरू नका, जाड पडते. कॅप्टॉन टेप किंवा पातळ पारदर्शक चिकटपट्टीचा जेमतेम १ मिमीचा तुकडा भिंगाखाली कापा आणि चिमट्याने बसवा. शेजारीच जी२९ (बीएसईएल०) आणि एच३० (बीएसईएल१) आहेत. तुकडा त्यांच्यावर सरकला की स्क्रीन काळी. आणखी एक: इंटेलच्या डेटाशीटमधला पॅडचा नकाशा वरून पाहिलेला आहे. प्रोसेसर उलटा धरला की डावं-उजवं बदलतं. बहुतेकांचा चुकीचा पॅड झाकला जातो तो इथेच.

फेज३:
टेपबद्दल सहमत, पण तुमची खरी काळजी व्हीआरएमची आहे. टेपने व्होल्टेज वाढत नाही, चिपच्या व्हीआयडीप्रमाणेच (चिप स्वतः मागते ते व्होल्टेज) मिळतं. तरीही त्याच व्होल्टेजवर फ्रीक्वेन्सी २५ टक्के वाढली की वीजही साधारण तेवढीच वाढते. ९५ वॅटची चिप ११५-१२० वॅटच्या आसपास जाते आणि तो सगळा भार त्या तीन उघड्या फेजवर पडतो. खाली हवा मारणारा कूलरच ठेवा. टॉवर कूलर लावलात तर कोअर थंड राहतील आणि मॉसफेट भाजतील. मॉसफेटवर थर्मल टेपने छोटे अॅल्युमिनियम हीटसिंक चिकटवा. सॉकेटजवळच्या एखाद्या कपॅसिटरचं डोकं फुगलेलं दिसलं तर आधी तो बदला, तोवर टेपला हात लावू नका.

मग प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा प्रोग्रॅम) मधली स्मॉल एफएफटी चाचणी तासभर चालवा. त्यातला एखादा वर्कर (एका कोअरवरचं काम) राउंडिंग एररने थांबला तर व्होल्टेज कमी पडतंय. कोअर टेम्प या प्रोग्रॅममधला व्हीआयडी आणि सीपीयू-झेडमधलं लोडखालचं व्होल्टेज शेजारी ठेवून पाहा. स्वस्त बोर्डांवर फरक चांगलाच असतो. लोड असतानाच मल्टिप्लायर ९ वरून ६ वर येत असेल आणि कोअर ६५ च्या आतच असतील, तर व्हीआरएम तापून प्रोसेसरला दाबतोय असं समजा. मशीन एकदम बंदच पडलं तर व्हीआरएम किंवा पॉवर सप्लाय.
चाचणी भर दुपारी घ्या. खोली १० अंशांनी तापली की कोअरही जवळपास तेवढेच तापतात. जानेवारीत पास झालेली मशीन मे महिन्यात विदर्भात टिकेलच असं नाही.

जुना_सॉकेट:
टेप बसली, विंडोज चालू झालं. पण सीपीयू-झेड २००० मेगाहर्ट्झ दाखवतंय.

तांबेतार:
ते बरोबर आहे. काम नसताना स्पीडस्टेप मल्टिप्लायर ६ वर आणतं, ६ × ३३३. लोड द्या, ३००० दिसेल. रॅमच्या टॅबमध्ये ४०० (डीडीआर असल्याने ८०० च्या निम्मे) आहे ना तेही बघा, आणि मेमटेस्ट८६+ चा निदान एक पूर्ण फेरा होऊ द्या.

वुल्फडेल:
वर्करने एरर दिली तर व्होल्टेजच्या पिन जोडत बसू नका. बोर्डाला चिपची व्होल्टेज-मर्यादा माहीत नसते आणि एक चूक सरळ चिप घेऊन जाते. त्याऐवजी बोर्डाच्या सपोर्ट यादीत असेल तर दोन कोअरचा ई८४०० घ्या: मुळातच ९ × ३३३, ४५ नॅनोमीटर, ६५ वॅट, त्या व्हीआरएमला निवांत. ब्राउझर आणि ऑफिसच्या कामात तो या ओव्हरक्लॉक केलेल्या क्वाडला हरणार नाही. शिवाय त्यात एसएसई४.१ (प्रोसेसरचा एक आज्ञासंच) आहे, क्यू६६०० मध्ये नाही, आणि त्यामुळे काही प्रोग्रॅम क्यू६६०० वर सुरूच होत नाहीत. व्हिडिओ एन्कोडिंग किंवा कंपायलिंग असेल तरच चार कोअरसाठी ही खटपट करा.