एल निनोमुळे ‘दिवस मोठा’ होतो: नेमका कोणता दिवस?

सूतगुंडी: शाळेच्या हस्तलिखितासाठी लेख लिहितेय. 1982–83 च्या एल निनोत (प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा तापतं तो काळ) ‘दिवस सुमारे एक सहस्रांश सेकंदानं मोठा झाला’ असं लिहिलं. सासूबाई म्हणाल्या, “दिवस तर संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेपासून तीळ तीळ मोठा होतोच की गं!” खरंय त्यांचं. इथं उजेड वाढत नाही, पृथ्वीची स्वतःभोवतीची एक फेरी लांबते. त्याला शब्द काय?

माळकरी: दिनमान.

जुनीपेठ: मुळीच नको. पंचांगात दिनमान म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त. दाते पंचांग ज्या सोलापुरातून निघतं तिथल्या माणसानं तरी हा घोळ करू नये. ‘अहोरात्र’ हा नेमका शब्द आपल्याकडे आहे, तो वापरा.

रातपाळी: ‘अहोरात्र लांबलं’ वाचून मुलांना काय कळणार? आज अहोरात्र म्हणजे न थांबता. माझे वडील यंत्रमागावर होते. शनिवारी पगाराला हजेरीवही पुढं ओढून बोटानं एकेक खूण मोजायचे, “सहा दिवस भरले.” त्यातले तीन रातपाळीचे असले तरी दिवसच. लोकांच्या तोंडी दिवसात रात्र धरलेली आहे, ‘दिवस’च ठेवा.

भूगोलवाली: पाठ्यपुस्तकात परिवलन आहे, म्हणून ‘परिवलनकाळ’. शब्दात कारणही दिसतं. एल निनोत पश्चिमी वारे जोर धरतात, हवेचा कोनीय संवेग (फिरण्याचा जोर) वाढतो, तेवढाच जमिनीचा कमी होतो आणि परिवलन मंदावतं. वारे ओसरले की पुन्हा पूर्ववत. ध्रुवांकडचा बर्फ वितळून पाणी विषुववृत्ताकडे पसरतं तेव्हाही फेरी लांबते, पण ते असं वर्षभरात भरून निघत नाही. लेखात दोन्ही वेगळे सांगा, कळकळीची विनंती.

माळकरी: परिवलन की परिभ्रमण, यातच दहावीला माझा गुण गेला होता. अजून सल आहे.

जुनीपेठ: अहोरात्र टाकून देऊ नका हो. त्यातलं पहिलं नि शेवटचं अक्षर गाळून ‘होरा’ (तासासारखा काळाचा भाग) झाला, ज्योतिषी वराहमिहिरानं नोंदवलंय.

भूगोलवाली: होरा ग्रीकांकडून आला. अक्षरं गाळायची गोष्ट मागून जुळवलेली.

जुनीपेठ: दीड हजार वर्षांपूर्वीची नोंद ‘जुळवलेली’ कशी? पुरावा द्या.

सूतगुंडी: लेख सोमवारी द्यायचाय. सध्या ‘परिवलनकाळ’ लिहून पुढं ‘दिवस-रात्र मिळून’ असं जोडलंय.

रातपाळी: ‘मिळून’ ठेवाच. पण होरा ग्रीक असेल तर तेलुगूतही तो शब्द आहे, तिथं कुठून गेला?